पात्र आणि अपात्र : छोट्या रंगमंचावरचं आपलं वऱ्हाड

सोयाबीन निघालं आहे, तूर अजून उभी आहे, आणि अशा मधल्या दिवसांत नाटकावर बोलायला आम्हाला बोलावलंत, हे बरं झालं. हंगाम हा शब्द आपण वाशीममध्ये शेतासाठी वापरतो. पुण्या-मुंबईत तो नाटकालाही लावतात. दिवाळीच्या मागेपुढे तिकडच्या छोट्या नाट्यगृहांत नवी नाटकं लागतात, राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या सुरू होतात, आणि या हंगामात काय पाहावं याच्या याद्या छापून येतात. त्या याद्या आम्ही दर वर्षी इमानदारीनं वाचतो. त्यांत एखादं तरी नाटक शेतकऱ्यावर असतं. आणि तो शेतकरी बहुतेक वेळा विदर्भातला असतो, म्हणजे आपल्याच शेजारपाजारचा असतो. आजचं बोलणं त्या नाटकांबद्दल आहे. ती आपल्याबद्दल असतात, पण आपल्यापर्यंत येत नाहीत, आणि आली तर आपण त्यांना काय म्हणायचं, असा प्रश्न आहे.

आधी छोटं नाट्यगृह म्हणजे काय ते सांगून टाकू. कारण आपल्याकडे नाटक म्हटलं की मंगल कार्यालय, शाळेचं पटांगण नाहीतर गणपतीचा मंडप. 1971 साली मुंबईत अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली, आणि 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्यांची नाटकं होऊ लागली. नाटकासाठी बांधलेली ती जागा नव्हतीच. पण तिथं इतकं काही घडलं की पुढं ‘छबिलदास चळवळ’ हाच शब्द रूढ झाला. आज पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, द बॉक्स आहे. मुंबईत पृथ्वी आहे. शे-दोनशे माणसं बसतील एवढी ही घरं. माईक लागत नाही. नटाचा आवंढा दिसतो. नट गप्प बसला तर ती शांतता शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मोठ्या थिएटरात हे होत नाही, तिथं गप्प बसलं की लोक खोकायला लागतात. (हशा)

पण खोली लहान असली की लिहिण्यावरही बंधनं येतात, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. दहा-बारा पात्रं परवडत नाहीत. वाडा उभा करता येत नाही. मग एक नट, नाहीतर दोन. खांद्यावर दुपट्टा, एक खाट, एक माठ, वरून एक स्पॉट. आणि आम्ही पाहिलेल्या अशा चार-पाच नाटकांत तरी, पहिल्या दहा मिनिटांत वरून लोंबणारा दोर. नावं घेत नाही, कारण ती पोरं मेहनती आहेत आणि त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. पण तो दोर आता फार झाला. तो दिसायला सोपा आहे, उजेडात छान दिसतो, प्रेक्षकाला लगेच कळतो, आणि कळला की प्रेक्षक विचार करायचा थांबतो. आपल्याकडे अशा बातमीत लोक काय म्हणतात, आठवा. ‘त्यानं औषध घेतलं.’ विषाला आपण औषध म्हणतो. पिकाला देतो तेव्हाही औषध, आणि माणसानं घेतलं तेव्हाही औषध. कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत तेच नाव लिहिलेलं असतं. एका शब्दात अख्खं नाटक आहे, पण तो शब्द ऐकायला इथल्या ओट्यावर बसावं लागतं. दोर पुण्यातही सुचतो.

भाषेचंही तसंच. रंगमंचावर ‘ग्रामीण’ म्हणून एक बोली तयार झाली आहे, ती कोणत्याच गावात बोलत नाहीत. थोडं सातारा, थोडं कोल्हापूर, थोडा सिनेमा. विदर्भातला म्हणून जो शेतकरी उभा करतात तो ‘मला’, ‘लई’, ‘हाय की’ असं बोलतो. अहो, आमचा माणूस ‘मले’ म्हणतो, ‘काहून’ म्हणतो, ‘करून रायलो’ म्हणतो. आणि कधी खरी वऱ्हाडी आलीच, तर ती हसवायला येते. नोकर बोलतो, दारुडा बोलतो, बावळट मेव्हणा बोलतो. नायक मात्र शुद्ध बोलतो. एकदा शहरातल्या अशाच एका प्रयोगात बाई नवऱ्याला ‘तुमी जेवून घ्या ना बाप्पा’ म्हणाली, आणि आजूबाजूचे लोक हसले. तो प्रसंग हसण्याचा नव्हता. घरात दाणा नव्हता आणि ती त्याला पहिल्यांदा जेवायला बसवत होती. त्या ‘बाप्पा’मध्ये काकुळती होती. आम्हाला ती ऐकू आली, शेजारच्यांना गंमत ऐकू आली. नटीचा दोष नाही. तिनं बरोबर म्हटलं होतं. (जाता जाता, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा आपल्याशी संबंध नाही. ते लग्नाचं वऱ्हाड, आणि बोली मराठवाड्याची. लक्ष्मण देशपांडे यांचं ते काम मोठंच होतं, पण दर वेळी कोणीतरी आम्हाला त्याबद्दल विचारतं, म्हणून सांगितलं.)

हे आजचं आहे असं समजू नका. इथं थोडं मागे जाऊ, हजारेक वर्षं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य करणारा. कवितेच्या एका रीतीलाच या गावावरून ‘वच्छोमी’ असं नाव पडलं होतं, इतका इथल्या बोलण्या-लिहिण्याचा बोलबाला. हा उल्लेख सापडतो राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या नाटकात. इसवी सन 900 च्या आसपासचं, अख्खं प्राकृतात लिहिलेलं. त्यात काय होतं? राजाच्या दरबारात भैरवानंद नावाचा एक मांत्रिक येतो. काहीतरी चमत्कार दाखव, म्हणतात. विदूषक म्हणतो, दक्षिणेत वच्छोम नावाचं नगर आहे, तिथं मी एक मुलगी पाहिली, तिला आण. आणि मांत्रिक मंत्र म्हणून तिला तिथल्या तिथं हजर करतो. ती न्हात होती, तशीच ओल्या केसांची, ओल्या वस्त्रानं दरबारात उभी. राजा आणि विदूषक तिच्याकडे बघत राहतात आणि तिच्या रूपाची वर्णनं करत राहतात.

आम्ही हे नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्या गावाचं नाव दिसलं म्हणून खूश झालो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती मुलगी दिसली. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या घरून उचललं आणि बघणाऱ्यांसमोर उभं केलं. नाटक गोड आहे, राजशेखर मोठा कवी आहे, आणि तरीही आम्हाला दर हंगामात त्या भैरवानंदाची आठवण येते. कोणीतरी मंत्र म्हणतो, आणि वाशीम-यवतमाळची एक बाई शहरातल्या शंभर खुर्च्यांसमोर ओल्या डोळ्यांनी उभी राहते.

आता जरा नीट नाटकांकडे येऊ. आपल्या भागाचं मराठीतलं सगळ्यात मोठं नाटक म्हणजे ‘वाडा चिरेबंदी’. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. 1985 साली विजया मेहतांनी ते बसवलं. पुढं ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आली, आणि 1994 साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटकं सलग, आठ-नऊ तासांत केली. बघा, छोट्या जागेतून आलेल्या संस्थेनंच हा सगळ्यात लांब पल्ला गाठला. ‘वाडा’ सुरू होतं तेव्हा घरातले तात्याजी गेलेले आहेत, मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन आलेला आहे, आणि प्रश्न आहे तेरवीचा. गावजेवण घालायचं की नाही, आणि घालायचं तर पैसा कुठून आणायचा. दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, पण इभ्रत गंजू द्यायची नाही. या एका जेवणाच्या हिशोबात एलकुंचवारांनी अख्खा वतनदारी संसार उभा करून मोडून दाखवला. आणि बोली? घरातल्या माणसांच्या तोंडी वऱ्हाडी वळणाचं बोलणं आहे, आणि त्याला कोणी हसत नाही. हे फार मोठं काम होतं. आमच्या पिढीला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या आजीसारखं बोलूनही माणूस रंगमंचावर गंभीर राहू शकतो.

पण एक गोष्ट आम्हाला पुष्कळ उशिरा लक्षात आली. ज्या गावाला ते जेवण घालायचं आहे, ते गाव नाटकात दिसतच नाही. देशपांड्यांच्या शेतात राबणारा सालदार दिसत नाही, त्याची बायको दिसत नाही. पंगतीला बसणार असलेले लोक पडद्यामागेच राहतात. हा एलकुंचवारांचा दोष म्हणून सांगत नाही. ते वाड्याच्या आतून लिहीत होते आणि त्यांनी आतलं खरं लिहिलं. वाड्याच्या बाहेरचं त्यांनी लिहायला हवं होतं, असं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात आपली तूर पेरण्यासारखं आहे.

बाहेरचं लिहायला बाहेरचेच आले. 2012 मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. कल्पना संभाजी भगतांची, लेखक राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातले, दिग्दर्शक नंदू माधव. नट बरेचसे जालन्याकडचे, शेती करणारे. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, त्यांची पगडी हरवते, आणि ती बसेल असं डोकं शोधत तो गावभर फिरतो. त्या नाटकात मुंबईचा प्रेक्षक खदखदून हसतो, आणि तरी ते हसणं वेगळं आहे. बोलीला हसत नाहीत, बोलीतून जे म्हटलं जातं त्याला हसतात. विनोद नटाच्या हातात असतो. तो कधी हसवायचं हे ठरवतो, आणि कधी थांबवायचं हेही. मघाच्या ‘बाप्पा’मध्ये नटीच्या हातात हे नव्हतं, कारण तिच्याभोवतीचं बाकी सगळं नाटक शहरी कानासाठी लिहिलेलं होतं.

आणि मग ‘तेरवं’. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, वर्ध्याच्या हरीश इथापेंनी बसवलेलं. ‘वाड्या’तल्या तेरवीचाच हा आपल्या बोलीतला शब्द. पण इथं रंगमंचावर त्या बाया आहेत ज्यांच्या घरी ते तेरवं खरंच झालं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतः काम करतात. ‘वाड्या’त न दिसलेलं गाव इथं समोर येऊन उभं राहतं. पुढं याच नावाचा चित्रपटही 2024 मध्ये आला, पण आम्ही बोलतोय ते नाटकाबद्दल.

या नाटकाबद्दल बोलायला समीक्षक घाबरतात, आणि आम्हीही घाबरलो होतो. समोर जी बाई उभी आहे तिचं दुःख खरं आहे, तर तिच्या आवाजाची पट्टी, तिचं उभं राहणं, संवादाची लांबी यावर बोलायचं कसं? मग सगळे उभं राहून टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात, आणि परीक्षणात ‘अंतर्मुख करणारा अनुभव’ असं लिहितात. आमचं म्हणणं असं, की हा त्या बायांचा अपमान आहे. एखादी बाई तालीम करते, मुलांना शेजारणीकडे ठेवून येते, वाक्य विसरली तर पुन्हा घेते, पंधराव्या प्रयोगाला पहिल्या प्रयोगाइतकंच लक्ष देते, तेव्हा ती नटी झालेली असते. रडणं एकदाच खरं असतं. रोज त्याच वाक्याला, त्याच उजेडात, त्याच जागी उभं राहून बोलायचं, तर ते कसब लागतं. अतुल पेठेंनी 2012 मध्ये पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’ केलं होतं. तिथंही लोक आधी ‘कामगार असून किती छान’ म्हणत. त्या ‘असून’मध्येच सगळी गोम आहे. नट म्हणून पाहा. चुकलं तर चुकलं म्हणा.

इथं ‘पात्र’ या शब्दाकडे जरा बघा. घरात आत्महत्या झाली की तहसीलमधून चौकशी होते, जिल्ह्याची समिती बसते, आणि कागदावर लिहिलं जातं: पात्र किंवा अपात्र. पात्र असेल तर एक लाखाची मदत, अपात्र असेल तर काही नाही. जमीन सासऱ्याच्या नावावर होती, कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं, बँकेचं नव्हतं, झालं अपात्र. त्या बाईनं हा शब्द किती वेळा ऐकलेला असतो! आणि नाटकात आपण म्हणतो, ही या नाटकातली पात्रं. सरकारच्या फायलीत अपात्र ठरलेल्या माणसाची बायको रंगमंचावर पात्र होते. पण इथंही तिची पात्रता जर तिच्या दुःखाच्या दाखल्यावरच ठरणार असेल, तर आपण प्रेक्षक म्हणजे दुसरी समितीच झालो की.

2019 च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या ‘तेरवं’मध्ये काम करत होत्या. सगळीकडे छापून आलं ते ‘शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते’ म्हणून. अभिनेत्रीच्या हस्ते, असं आमच्या तरी वाचण्यात आलं नाही. त्याच वर्षी त्या आपल्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेला उभ्या राहिल्या. (रिसोडवाल्यांनी रागावू नये, तुम्हाला अकोल्यात टाकलंय हे आम्हाला माहीत आहे.) निवडणुकीचं सोडा. पण मराठी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या मांडवात एक रंगकर्मी बोलत होती, आणि कोणाला ती रंगकर्मी दिसली नाही, हे आम्हाला अजून खटकतं. छोट्या रंगभूमीनं पन्नास वर्षांत कमावलेली नजर त्या दिवशी कुठं गेली होती?

तेव्हा आमचं गाऱ्हाणं एवढंच नाही, की शहरातले लोक आपल्यावर नाटकं करतात. करू द्या. बाहेरून आलेल्या माणसाला कधीकधी आपल्यापेक्षा जास्त दिसतं. गाऱ्हाणं हे आहे, की ती नाटकं आपल्यासमोर तपासली जात नाहीत. वाशीमच्या ओट्यावर जर तो दोरवाला प्रयोग झाला असता, तर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी म्हटलं असतं, ‘अबे, हे असं नाही होत.’ हे वाक्य ऐकल्याशिवाय ते नाटक सुधारणार कसं? नाटकवाल्यांना तालमीत दिग्दर्शक सांगतो, प्रयोगानंतर मित्र सांगतात, पण ज्याच्याबद्दल बोलतोय तो सांगत नाही. कारण तो अकोल्याला किंवा अमरावतीला गेला, तरी शेवटची एस.टी. चुकेल म्हणून तिसऱ्या अंकाआधी उठतो. आम्ही स्वतः कितीतरी नाटकांचे शेवट पाहिलेले नाहीत. (हशा)

जागेचं रडगाणं आम्हाला गायचं नाही. बादल सरकारांनी कोलकात्यात खोलीत आणि मैदानात नाटकं केली, उजेड-पडद्याशिवाय केली. आपल्याकडे शाळेचा हॉल आहे, देवळाचा सभामंडप आहे, समाजमंदिर आहे. काळे पडदे टेंटवाल्याकडे मिळतात. अडचण वेगळीच आहे, ती वेळेची. रब्बीला पाणी द्यायचं तर शेतीची लाईन पुष्कळदा रात्रीची असते. गहू-हरभऱ्याचं ओलीत ज्याचं आहे तो रात्री मोटारीपाशी असतो, नाटकापाशी नसतो. झाडीपट्टीत, तिकडे वडसा-गडचिरोलीकडे, धान निघालं की रात्र-रात्र नाटकं चालतात आणि लोक तिकीट काढून बसतात. त्यांनी नाटकाचा हंगाम शेताच्या हंगामाला बांधून घेतला. आपण मात्र नाटकाची वेळ शहराकडून उसनी घेतली: शनिवार-रविवार, संध्याकाळी साडेसात. तो दिवस आणि ती वेळ ज्याची आहे, तोच प्रेक्षक येणार. म्हणजे मास्तर, वकील, आणि आमच्यासारखे रिकामे.

(प्रश्नोत्तरांमधून)

मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, ‘भाऊ, तुम्ही इतकं बोलले, पण बायाईले रात्री कोण येऊ देते? ते बायाईचंच नाटक हाय ना?’

ताई, खरं सांगतो, आम्ही लाईनचा विचार केला आणि याचा केला नाही. तुम्हीच सांगा, कधी ठेवायचं?

‘दुपारी ठेवा. दोन-तीन वाजता. निंदण-सोंगणी नसते त्या दिवसात. बचत गटाची मीटिंग असते तवा आम्ही निघतोच घरून. अन् खुर्च्या नका लावू, सतरंजी टाका. खुर्च्या लावल्या का पुढच्या रांगेत साहेब येऊन बसतात, मंग आमाले काही बोलता येत नाही.’